युरोपातील स्की सहल: कोणता निर्णय कधी घ्यावा, आणि स्की सोबत न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी

युरोपात स्कीइंगला जायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी स्वस्त विमानतिकीट काढतात आणि त्यानंतर लगेच "स्की इथून न्यावी का?" असे विचारू लागतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या जागी येतात. तिकीट आधी निघाले की तारखा आणि विमानतळ बांधले जातात, आणि मग गाव त्यांना जुळेल असे शोधावे लागते. स्की न्यायची की नाही याचे उत्तर तर गाव, प्रवासाचे साधन आणि मुख्यतः बूट ठरल्याशिवाय देताच येत नाही. खालील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने पार पाडावेत. उदाहरणे आल्प्समधील एका आठवड्याच्या सहलीची आहेत आणि भारतातून जाणारे व युरोपातच राहणारे असे दोन्ही वाचक डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

## टप्पा १: आपली पातळी ठरवा

युरोपातील उतार रंगांनी ओळखले जातात. तयार करून दाबलेल्या वाटेला पिस्ट म्हणतात. निळी पिस्ट सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड असते. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी, अगदी नवशिक्यांसाठी, हिरवी पिस्ट असते. रंग त्या त्या गावाने ठरवलेला असल्यामुळे एका गावातील निळी पिस्ट दुसऱ्या गावातील लाल पिस्टइतकी तीव्र असू शकते, हे लक्षात ठेवावे.

आपली पातळी ठरवताना "मी किती वेळा गेलो" यापेक्षा "अनोळखी निळ्या पिस्टवर, गर्दीत, हव्या त्या ठिकाणी मी थांबू शकतो का" हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर "नाही" असेल तर आपण नवशिके आहोत, मग गुलमर्गला दोनदा जाऊन आलो असलो तरी. गुलमर्ग किंवा औलीला आधी पाच-सहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन जाणे निश्चितच फायद्याचे ठरते, कारण बूट घालून चालणे, पडल्यावर उठणे आणि वेग आवरणे या प्राथमिक गोष्टींवर युरोपातील महागडे दिवस खर्च होत नाहीत.

शरीराची तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करावी. स्कीइंगमध्ये मांड्यांवर जो ताण येतो तो चढताना येणाऱ्या ताणासारखा नसून उतरताना येणाऱ्या ताणासारखा असतो. म्हणून सिंहगड चढून गाडीने खाली येण्यापेक्षा पायी उतरणे अधिक उपयोगी आहे. त्याला बैठकांची जोड द्यावी.

पडताळणी: सोबतच्या प्रत्येकाची पातळी एका कागदावर लिहा. पुढचे सगळे निर्णय गटातील सर्वांत कमकुवत व्यक्तीला सोयीचे पडतील असे घ्यायचे आहेत.

## टप्पा २: आठवडा निवडा

आल्प्समधील बहुतेक उंच गावांचा हंगाम डिसेंबर ते एप्रिलचा मध्य असा असतो. पण त्यातील सगळे आठवडे सारखे नसतात. नाताळ ते ६ जानेवारी हा काळ सर्वांत महाग आणि गर्दीचा असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समधील शाळांना तीन विभागांत, आळीपाळीने, सुट्ट्या असतात. ब्रिटन, नेदरलँड्स आणि बव्हेरिया यांच्या सुट्ट्याही याच सुमारास येतात. या काळात डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगा लांबतात आणि चांगले प्रशिक्षक आधीच ठरून गेलेले असतात.

मुलांच्या शाळेचे बंधन नसेल तर ७ जानेवारीनंतरचे तीन आठवडे किंवा मार्चचा मध्य निवडावा. जानेवारीत बर्फ कोरडा असतो, पण थंडी बोचरी असते आणि दिवस लहान असतो. मार्चमध्ये ऊन आणि लांब दिवस मिळतात. मात्र दुपारी खालचा बर्फ लापशीसारखा होतो आणि सकाळी तोच गोठून कडक झालेला असतो. पहिल्यांदाच भारतातून जाणाऱ्याला मी मार्च सुचवीन, कारण उणे पंधरा अंशांत कुडकुडत कोणी काही शिकत नाही.

इशारा: अनेक गावांत निवास शनिवार ते शनिवार असाच मिळतो आणि सामूहिक शिकवणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होते. विमान स्वस्त मिळते म्हणून मंगळवारी पोहोचलात तर गटाचे पहिले दोन धडे झालेले असतात आणि मग खासगी प्रशिक्षकाचा अनेक पटींचा खर्च अंगावर येतो.

## टप्पा ३: गाव निवडा

गाव निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: उंची, उतारांचा स्वभाव आणि पोहोचण्याची सोय. जाहिरातीत ठळक छापलेली पिस्टच्या एकूण किलोमीटरची संख्या सर्वांत शेवटी पाहावी. फ्रान्समधील त्र्वा व्हाले या प्रदेशात जोडलेल्या पिस्टची लांबी ६०० किलोमीटर आहे, इटलीतील डोलोमिटी सुपरस्की या जोडप्रदेशाच्या एका लिफ्ट-पासवर १,२०० किलोमीटर उतार खुले होतात. पण नवशिका माणूस आठवड्यात चार-पाच पिस्टच्या बाहेर जात नाही. त्याने मोठ्या प्रदेशाचा पास घेणे म्हणजे एका थाळीसाठी सगळे हॉटेल राखून ठेवण्यासारखे आहे.

उंचीचा संबंध बर्फाच्या खात्रीशी आहे. ऑस्ट्रियातील मायरहोफेन हे गाव सुमारे ६३० मीटरवर आहे, तर ओबरगुर्गल १,९३० मीटरवर आणि फ्रान्समधील व्हाल तोरांस २,३०० मीटरवर. सखल गावातही वर, लिफ्टने गेल्यावर, बर्फ चांगला मिळू शकतो. पण हंगामाच्या दोन्ही टोकांना गावापर्यंत स्की करत येता येईलच असे नाही. उलट फार उंच गावांत झाडे नसतात. हिमवर्षाव किंवा धुके आले की पांढऱ्या आकाशात पांढरा उतार दिसेनासा होतो, तेव्हा झाडीतील पिस्टच उपयोगी पडतात. म्हणून डिसेंबर आणि एप्रिलसाठी उंच गाव, तर जानेवारीसाठी झाडीचे, मध्यम उंचीचे गाव, असा ठोकताळा ठेवायला हरकत नाही.

उतारांच्या स्वभावाबाबत नावाला भुलू नये. ऑस्ट्रियातील सांक्ट आंतोन प्रसिद्ध आहे, गावातच रेल्वे स्थानक असल्यामुळे पोहोचायला सोपे आहे, पण तिथल्या निळ्या पिस्टसुद्धा नवशिक्याला घाम फोडतात. त्याऐवजी ओबरगुर्गल, फ्रान्समधील आल्प द्युएझ किंवा इटलीतील आल्ता बादिया येथे रुंद, मवाळ उतार भरपूर आहेत. गटात स्की न करणारे आई-वडील असतील तर स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड किंवा झर्माट निवडावे. तिथे डोंगरावर जाणाऱ्या रेल्वे आहेत आणि चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा राखलेल्या असतात.

पडताळणी: गावाचा पिस्ट-नकाशा उघडा आणि निवासापासून नवशिक्यांच्या उतारापर्यंत बोटाने वाट काढा. मध्ये बस बदलावी लागत असेल, किंवा परतीची एकमेव वाट लाल असेल, तर गाव बदला अथवा निवास बदला.

## टप्पा ४: व्हिसा आणि विमा

भारतीय पारपत्रावर शेंगेन, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांचा सामायिक, व्हिसा लागतो, मग आपण पुण्यात राहत असा वा लंडनमध्ये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. व्यवहारात भेटीची वेळ मिळण्यालाच उशीर होतो, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल करावी. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे फार जण चुकतात. नियम मुख्य मुक्कामाचा आहे, विमान उतरण्याचा नाही. झुरिकला उतरून सांक्ट आंतोनला सात रात्री राहणार असाल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो. जिनिव्हाला उतरून फ्रान्समधील गावी जाणार असाल तर फ्रान्सकडे. आणखी एक खाच अँडोराची आहे. तो देश शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे फ्रान्स किंवा स्पेनमधून तिथे जाऊन परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे. मात्र व्हिसापुरता काढलेला स्वस्त विमा बहुधा हिवाळी खेळांतील अपघात वगळतो. गुडघा मुरगळून पिस्टवर पडलेल्या माणसाला खाली आणण्याचा खर्च अनेक ठिकाणी त्याच्याकडूनच वसूल होतो, आणि हेलिकॉप्टर आले तर तो खर्च सहलीच्या खर्चाहून मोठा होऊ शकतो. म्हणून विमापत्रात पुढील शब्द शोधावेत: हिवाळी खेळ समाविष्ट आहेत का, डोंगरावरून सुटका समाविष्ट आहे का, पिस्टबाहेरील स्कीइंग वगळले आहे का, आणि दुसऱ्याला आपल्यामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे का. ही शेवटची तरतूद इटलीत १ जानेवारी २०२२ पासून पिस्टवर उतरणाऱ्या प्रत्येकाला बंधनकारक आहे. तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेटही सर्व वयांच्या लोकांना सक्तीचे झाले आहे.

इशारा: व्हिसा हाती येण्याआधी पैसे परत न मिळणारी तिकिटे आणि निवास घेऊ नका.

## टप्पा ५: प्रवास जुळवा

आता विमान. मुंबईहून झुरिक आणि म्युनिक ही दोन विमानतळे आल्प्ससाठी सर्वांत सोयीची आहेत. फ्रान्समधील गावांसाठी जिनिव्हा किंवा ल्यों, डोलोमाइट्ससाठी व्हेरोना किंवा व्हेनिस पाहावे. झुरिक विमानतळापासून सांक्ट आंतोनपर्यंत रेल्वेने सुमारे अडीच ते तीन तास लागतात. झर्माटमध्ये खासगी मोटारींना प्रवेशच नाही. गाडी असेल तर ती टॅश येथे ठेवून रेल्वेने वर जावे लागते. ऑस्ट्रियातील सोल्डनला रेल्वे नाही, म्हणून ओट्झताल स्थानकावर उतरून बस घ्यावी लागते. व्हाल तोरांससाठी मुतिए स्थानकावरून बस आहे. प्रत्येक बदल म्हणजे सामान उचलणे, आणि हा मुद्दा सातव्या टप्प्यात पुन्हा येणार आहे.

युरोपातून मोटारीने जाणाऱ्यांनी टायरांची खात्री करावी. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांत महामार्गासाठी विनियेट म्हणजे पथकराचे चिकटपत्र किंवा त्याची डिजिटल नोंद लागते. एका देशाचे दुसऱ्या देशात चालत नाही.

रात्रभर विमानात बसून आलेल्या दिवशी स्कीइंग करू नये. त्या संध्याकाळी फक्त साहित्य घ्यावे आणि किराणा भरावा, कारण ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी उशिरा पोहोचलेल्या शाकाहारी कुटुंबाचे पहिले दोन दिवस पाव-चीजवर निघतात.

## टप्पा ६: बुटांचा निर्णय आधी

स्की आणि बूट हे एकच साहित्य समजून दोन्ही न्यायचे किंवा दोन्ही भाड्याने घ्यायचे, असे लोक करतात. वास्तविक हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांतला बुटांचा अधिक महत्त्वाचा आहे. भाड्याची स्की सकाळी आवडली नाही तर दुपारी बदलून मिळते आणि फरक फारसा जाणवत नाही. बूट चुकला तर नडगी सोलवटते, नखे काळी पडतात आणि पाय आत हलत असल्यामुळे स्की वळतच नाही. मग दोष मात्र आपल्या कौशल्याला दिला जातो.

पहिल्या सहलीत बूट भाड्यानेच घ्यावेत, कारण हा खेळ आपल्याला पुन्हा खेळायचा आहे की नाही हेच अजून माहीत नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीनंतर, आपण वर्षाआड तरी जाणार अशी खात्री झाली की, सर्वांत आधी स्वतःचे बूट घ्यावेत. ते भारतात बसून, संकेतस्थळावरून मागवू नयेत. स्की गावातील किंवा वाटेवरील शहरातील अशा दुकानातून घ्यावेत जिथे तंत्रज्ञ पाय मोजतो, उष्णतेने आतले अस्तर साच्यात बसवतो आणि दोन दिवसांनी दुखते म्हणून परत गेल्यास दुरुस्ती करून देतो. म्हणजे खरेदी आठवड्याच्या सुरुवातीला व्हायला हवी. शेवटच्या दिवशी सवलतीत मिळाला म्हणून घेतलेला बूट पुढच्या वर्षीपर्यंत तपासलाच जात नाही.

मापाची पद्धत अशी आहे:

१. दुपारनंतर, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. स्की बुटाचे माप हेच असते. पाय २६.५ सेंटिमीटर असेल तर माप २६.५. बहुतेक बुटांत २६ आणि २६.५ यांचे बाहेरचे कवच एकच असते, त्यामुळे "अर्धे माप मोठे द्या" म्हणून काही साधत नाही.

२. आतले अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दोन सेंटिमीटर जागा योग्य. तीन बोटे सहज जात असतील तर बूट मोठा आहे.

३. अस्तर बसवून बूट घाला, टाच जमिनीवर आपटून मागे बसवा आणि मगच बकले लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकायला हवीत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकून मोकळी व्हायला हवीत. टाच उचलली जाता कामा नये.

४. पंधरा मिनिटे तसेच उभे राहा. सगळीकडून सारखा, घट्ट हस्तांदोलनासारखा दाब चालतो. एकाच ठिकाणी टोचणे किंवा मुंग्या येणे चालत नाही.

चवड्याच्या रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. साधारण ९८ अरुंद, १०० मध्यम आणि १०२ रुंद समजतात. आयुष्यभर चपला घातलेले आपले पाय पुढे पसरट असतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून अशांनी रुंद साच्यापासून सुरुवात करावी. लांबीत मोठे माप घेऊन रुंदी मिळवू नये. कडकपणाचा आकडाही असतो. नवशिक्याला ६० ते ८०, मध्यम पातळीला ८० ते १०० पुरतो. १३० आकड्याचा बूट घेऊन मिरवण्यात अर्थ नाही, तो वाकतच नाही.

इशारा: बुटात एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालायचा असतो. माझ्या पहिल्या सहलीत मी थंडीच्या भीतीने लोकरीच्या दोन जोड्या घातल्या, त्यांवर थर्मल पायजम्याची कड खोचली आणि दुपारपर्यंत दोन्ही नडग्यांवर वळ उठवून घेतले. जाड मोज्याने रक्ताभिसरण अडते आणि पाय उलट अधिक गार पडतात. पायजमा बुटाच्या वरच संपायला हवा.

घरी आठ-दहा वर्षे पडून असलेले जुने बूट सोबत न्यायचे असतील तर आधी तपासावेत. कवचाचे प्लास्टिक काळाने ठिसूळ होते आणि न वापरताही उतारावर तडकू शकते.

## टप्पा ७: स्की न्यावी का? हिशेब मांडा

आता मूळ प्रश्न. हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. आपले खरे आकडे त्या जागी घालावेत. समजा, बाइंडिंगसह (बूट स्कीवर पकडून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) स्कीची जोडी ६०० युरोंना मिळाली. सहा दिवसांचे भाडे १५० युरो, विमानाचे स्की-शुल्क एका बाजूचे ६० म्हणजे जाऊन-येऊन १२० युरो, आणि हंगामातून एकदा कडांना धार लावून मेण चढवण्याचे ४० युरो.

वर्षातून एक आठवडा, विमानाने जाणाऱ्याचा स्वतःच्या स्कीवरील वार्षिक खर्च १६० युरो होतो. म्हणजे खरेदीची किंमत शून्य धरली तरी भाडे दहा युरोंनी स्वस्त पडते. वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्याचे २८० युरो होतात आणि भाडे ३००. वाचले वीस युरो, आणि ६०० युरो वसूल व्हायला तीस वर्षे. मात्र म्युनिक किंवा झुरिकमध्ये राहून मोटारीने जाणाऱ्याला विमानशुल्क नाही. दोन आठवड्यांचा त्याचा खर्च ४० युरो, बचत २६०, आणि तिसऱ्या हंगामात किंमत वसूल. ज्या विमान कंपनीत स्कीची पिशवी नेहमीच्या चेक-इन सामानातच धरली जाते, तिथे चित्र थोडे बदलते. पण मग तेवढ्याच वजनाचे दुसरे सामान घरी ठेवावे लागते. भारतातून जाणाऱ्याला तेही परवडत नाही, कारण परतीच्या बॅगेत नातेवाइकांसाठी चॉकलेटे असतात.

यावरून माझे मत असे आहे:

भारतातून जाणाऱ्याने स्की नेऊ नये, अगदी दरवर्षी जात असला तरी. बूट स्वतःचे न्यावेत, स्की भाड्याने घ्यावी.

युरोपात राहून विमानाने जाणाऱ्यानेही, पिस्टवरच स्कीइंग करायचे असेल तर, हेच करावे. भाड्याने दर वर्षी नवे मॉडेल मिळते आणि बर्फ पाहून जोडी बदलता येते.

मोटारीने जाणाऱ्याने, वर्षाला दोन आठवडे होत असतील तर, स्वतःची स्की घ्यावी.

अपवाद थोडे आहेत. स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी (तिला कातडी म्हणतात) लावून डोंगर चढण्याचे स्की-टूरिंग करणाऱ्याला आपलेच साहित्य लागते. फारच उंच किंवा अवजड बांध्याच्या माणसाला लहान गावात योग्य लांबी मिळेलच असे नाही.

इशारा: सर्वांत वाईट जोड म्हणजे स्वतःची स्की आणि भाड्याचे बूट. बाइंडिंग बुटाच्या तळव्याची लांबी, माणसाचे वजन, उंची, वय आणि शैली यांवरून जुळवलेले असते. बूट बदलला की ते नव्याने जुळवावे लागते; तसे न केल्यास पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा फिरतो, किंवा विनाकारण सुटते आणि माणूस पडतो.

## टप्पा ८: न्यायचीच असेल तर

विमान कंपनीचे स्कीविषयीचे नियम तिकीट काढण्याआधी वाचावेत आणि जोडणी विमान दुसऱ्या कंपनीचे असेल तर दोघांचेही वाचावेत. पाहायचे मुद्दे: आगाऊ नोंदणी लागते का, वजनाची आणि लांबीची मर्यादा किती, आणि पिशवीत कपडे चालतात का. काही कंपन्या स्कीच्या पिशवीत फक्त स्की साहित्यच मान्य करतात. जोडी, पोल्स म्हणजे हातातल्या काठ्या आणि पिशवी मिळून वजन दहा किलोंच्या आसपास जाते. बूट धरले तर पंधरा.

दोन्ही स्कींचे तळ समोरासमोर ठेवून पट्टीने बांधाव्यात, ब्रेक रबराने आवळावेत, टोकांना जाड कापड गुंडाळावे. चाकांची पिशवी घ्यावी. टप्पा ५ मध्ये मोजलेले प्रत्येक बदल आता खांद्याला जाणवणार आहेत. विमानतळावर स्की नेहमीच्या पट्ट्यावर येतीलच असे नाही, त्या मोठ्या आकाराच्या सामानाच्या वेगळ्या खिडकीवर मिळतात.

बूट मात्र, कंपनीची परवानगी असल्यास, केबिनमध्येच न्यावेत. हे स्की न नेणाऱ्यांनाही लागू आहे. सामान हरवले तर स्की, कपडे, हेल्मेट सगळे भाड्याने किंवा विकत मिळते; आपल्या पायाच्या साच्यात बसवलेला बूट मिळत नाही. जोडीचे वजन चार-पाच किलो भरते आणि केबिनची मर्यादा अनेकदा सात-आठ किलोंची असते, त्यामुळे बुटांच्या पोकळीत मोजे व हातमोजे भरावेत. पोल्स केबिनमध्ये नेता येत नाहीत.

## टप्पा ९: भाड्याने घेताना

आरक्षण संकेतस्थळावरून आधी करावे. दुकानात ऐनवेळी मिळणाऱ्या दरापेक्षा ते बहुधा बरेच स्वस्त असते. दुकान लिफ्टच्या शेजारचे आणि रात्री स्की ठेवण्याची सोय असलेले निवडावे, दोन-चार युरो जास्त पडले तरी. बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फाळ चढावर चालणे किती लांबचे असते हे पहिल्या सकाळीच कळते.

दुकानात वजन आणि पातळी खरी सांगावी. संकोचाने वजन कमी सांगितले की बाइंडिंग हलके बसते. फुशारकीने पातळी वाढवली की कडक बसते. नवशिक्याने हनुवटी ते नाकाच्या उंचीची, मध्यम पातळीच्या माणसाने नाक ते कपाळाच्या उंचीची जोडी घ्यावी. पिस्टसाठी स्कीची मधली रुंदी ७० ते ८० मिलिमीटर पुरते. स्वतःचे बूट असतील तर ते सोबत नेऊन दाखवावेत, कारण तळवे निरनिराळ्या प्रकारचे असतात: साधा सपाट, चालायला सोपा वळणदार ग्रिपवॉक, आणि टूरिंगचा. प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळव्याला चालत नाही.

चोरी आणि मोडतोड यांचे थोड्या पैशांतले संरक्षण घ्यावे. स्कीवरील क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. जेवणाच्या झोपडीबाहेर एकाच दुकानाच्या शंभर सारख्या जोड्या उभ्या असतात आणि बहुतेक "चोऱ्या" म्हणजे चुकून उचललेल्या जोड्या असतात. म्हणून उजवी एकीकडे आणि डावी पाच पावलांवर दुसरीकडे ठेवावी.

पडताळणी: दुकान सोडण्याआधी बूट स्कीत अडकवून, काढून पाहा. स्वतःला काढता आला नाही तर तिथेच विचारा.

## टप्पा १०: पहिले दोन दिवस

पास पहिल्या दिवशी फक्त नवशिक्यांच्या लिफ्टपुरता घ्यावा. अनेक गावांत त्या लिफ्ट स्वस्त, काही ठिकाणी मोफत असतात. मोठ्या प्रदेशांत एका दिवसाचा पूर्ण पास ७० युरोंच्या वर जातो, तो प्रशिक्षकाने "आता वर चला" म्हटल्यावर घेतला तरी चालतो. शिकवणी निदान पाच अर्ध्या दिवसांची घ्यावी. मित्राकडून शिकू नये. मैत्री आणि गुडघा दोन्ही धोक्यात येतात.

उतारावर पुढे असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचे असते. थांबायचे ते कडेला, आणि चढावाच्या आड नाही, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. पिस्टच्या कडेच्या खांबांवर क्रमांक असतात. अपघात झाल्यास ११२ वर फोन करून पिस्टचे नाव आणि जवळच्या खांबाचा क्रमांक सांगावा. पिस्टच्या दोरीपलीकडचा मऊ बर्फ कितीही बोलावत असला तरी तिथे हिमस्खलनापासून संरक्षण केलेले नसते, आणि बहुतेकांचा विमाही तिथे संपतो.

शेवटच्या संध्याकाळीच साहित्य परत करावे, म्हणजे निघण्याच्या सकाळी दुकान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. स्वतःचे बूट असतील तर घरी पोहोचताच अस्तर बाहेर काढून पूर्ण वाळवावे, पुन्हा बसवावे आणि बकले सैलसर लावून ठेवावीत, नाहीतर कवचाचा आकार बिघडतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अस्तराला बुरशी येते, म्हणून जून ते सप्टेंबर बूट माळ्यावर न टाकता कोरड्या कपाटात ठेवावेत आणि मधूनमधून पंख्याखाली काढावेत. स्कीच्या पोलादी कडा तर त्याच हवेत महिन्याभरात गंजतात. माझा सल्ला न मानता कोणी स्की घरी आणलीच, तर कडांवरूनही जाड मेण चढवून ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत तशीच, मेण न खरवडता, ठेवावी.